नारिंगी दिव्याची खरी गोष्ट

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. कुणी विचारलंच, तर दिव्याचं रंगवून सांगायचो आणि कारखान्यातल्या ताईंचं गाळायचो.

निवृत्तीनंतर मी नालवाडीतल्या एका छोट्या कारखान्यात जायचो. तिथे पाण्याच्या टाकीसाठी पेटी बनायची. आत चिमुकला संगणक, समोर एकच दिवा, पण त्याच्या पोटात दोन रंग. टाकी रिकामी असली की लाल, भरली की हिरवा. हा दिवा कसा पेटवायचा ते संगणकाला सांगणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, मी लिहीत होतो. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, पण दिव्यानं पहिल्यांदा माझं ऐकलं तेव्हा खुर्चीवर चढून नाचलो.

"सर, पडसान ना जी! हाडं मोडली तं सोल्डर करून नाई देणार मी," ताई ओरडल्या. सोल्डरिंग, म्हणजे तारांना डाख देऊन जोडायचं काम, त्यांच्याकडे होतं, आणि पुढच्या महिन्यापासून तपासणीचं टेबलही त्यांनाच मिळणार होतं. हसता हसता आम्हाला ठसका लागला.

तेवढ्यात मालक आले. मी ऐटीत टाकीत पाणी ओतलं. दिवा झाला नारिंगी!

"हे तं संत्रं निघालं ना जी!" मालक म्हणाले. सगळे खिदळले, मीही. त्या हसण्यातच बोलून गेलो, "सोल्डरिंग कच्चं दिसते."

ताई सगळ्या पेट्या उघडून पुन्हा जोडत बसल्या. दुपारी मला चूक दिसली. लाल आणि हिरवा हे मी दोन वेगळे दिवे धरले होते. हिरवा पेटवताना लाल विझवायचा राहिला होता. दोन्ही मिळून नारिंगी. मी गुपचूप प्रोग्राममध्ये एक ओळ घातली. दिवा असा हिरवागार लागला की मी नाचलो, ताई नाचल्या, मालकांनी ठेका धरला.

"माहीच चूक होती, सर," ताई धापा टाकत म्हणाल्या. "आता पाहा, कसा झकास पेटून राह्यला!"

मी नाचतच राहिलो. कच्च्या हाताचा शिक्का बसला आणि तपासणीचं टेबल दुसऱ्या कुणाला मिळालं. ताईंना पॅकिंगला बसवलं. काही महिन्यांनी त्या काम सोडून हिंगणीला गेल्या.

परवा वर्ध्याच्या बसस्टँडवर भेटल्या. "काऊन सर, नाचता का अजून?" म्हणत खळखळून हसल्या. मीही हसलो. त्यांची बस लागली, मी नुसता हात हलवला. म्हणायचं होतं ते एवढंच: ताई, तुमचा हात पक्का होता. चुकलो मी, आणि ते मला त्याच दुपारी कळलं होतं. मला माफ करा.