आबांचा नेम आणि अमेरिकेचा पाला

नवऱ्याचं नाव घेऊन मला लिहिता येणार नाही. गाव त्यांना आबा म्हणतं, मीही इथं आबाच लिहिते.

आमचं गाव चोपड्याजवळ. घरी केळी, थोडा कापूस. पण आबांची ओळख केळीमुळं नाही, वाढण्यामुळं. तालुक्यात कुठंही लग्न असो, पंगतीत तुपाची बादली आबांच्या हातात. बट्टी फोडून वरण घातलं की आबा येणार, धार सोडणार आणि विचारणार, "बस म्हणतोस? ह्या वयात?" माणूस पानावर आडवा झोपला तरी ह्यांची धार थांबायची नाही. एका व्याह्यानं चिडून पानावर पागोटं ठेवलं, तर ह्यांनी विचारलं, "ह्यावर वाढू का?" असा माणूस. दुसऱ्याला उपाशी उठू देणार नाही. स्वतः मात्र नेमाचा. आणि त्या नेमानं आम्हा सगळ्यांना अमेरिकेचा पाला खायला लावला.

नेम असा की लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्न घ्यायचं नाही. आमच्याकडं पूर्वीपासूनचं आहे. चहापाणी घेतलंच तर काहीतरी नाणं तिथं ठेवून उठायचं. आमच्या प्रमिलाच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. मूल नव्हतं. धुळ्याला सासर होतं तोवर आबा तिला भेटायला जायचे, ओट्यावर बसायचे, एस्टी स्टँडवर भजी खाऊन परत यायचे. मग जावई लीलाधररावांना अमेरिकेत टायरच्या कारखान्यात नोकरी लागली आणि ती दोघं तिकडं गेली. तिकडं कसला एस्टी स्टँड!

एक्क्याण्णव साली मोठा मुलगा भाईदास म्हणाला, दोघं आधी माझ्याकडं या, मग प्रमिलाकडं जा. भाईदास इंग्लंडात, लेस्टर गावी. केळी लोटनच्या भरवशावर टाकली. लोटन म्हणजे आबांचा वाढण्यातला जोडीदार, वरणाची बादली त्याची. आणि आम्ही विमानात बसलो.

इंग्लंडात त्रास नव्हता. मुलाचं घर, सुनेच्या हातचं खायला नेम आडवा येत नाही. लेस्टरात गुजराथी लोक पुष्कळ, मेथी मिळायची, वांगी मिळायची. पण भाईदासला हौस. दर रविवारी म्हणायचा, "आबा, आज बाहेर."

बाहेर म्हणजे काय, तर एका खानावळीत खिडकीशी बसायचं आणि थंडीकडं बघायचं. आमच्या घरात अंड्यालाही शिवत नाहीत. म्हणून आमच्यासाठी यायचा सालीसकट भाजलेला बटाटा, त्याच्या पोटात गोड्या रसातल्या घेवड्याच्या बिया. आणि शेजारी सॅलड. सॅलड म्हणजे एक पान, अर्धा टमाटा, काकडीच्या चार चकत्या आणि बरणीतलं आंबट बीट. बिटाचा लाल रंग पळत जाऊन बटाट्याला लागायचा. वर ओतायला बाटलीत पिवळट काहीतरी.

"हाई काय शे?" आबांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"कोशिंबिरीसारखंच समजा," भाईदास म्हणाला.

"कोशिंबिरीला दाण्याचं कूट असतं. हे तर भाजीवालीच्या पाटीतून खाली पडलेलं दिसतं."

आजूबाजूचे इंग्रज ते पान खायचेच नाहीत. सगळं जेवण संपवायचे आणि पान तसंच कडेला. मला वाटतं ते एकच पान धुऊन धुऊन सगळ्यांना देत असावेत. वाढणारी बाई भली होती, "लव्ह, लव्ह" म्हणायची, पण आणून ठेवलं की गेली. पुन्हा फिरकणं नाही. आबांना पाल्यापेक्षा त्याचाच राग. "वाढून पाठ फिरवतात? मीठ लागलं का, काही हवं का, विचारायला तोंड दुखतं?" मीठ सांडतच नव्हतं त्या बरणीतून. आबा बरणी आपटत बसायचे आणि भाईदास खाली मान घालायचा.

असे दोन महिने काढले आणि अमेरिकेला गेलो.

प्रमिला विमानतळावर धावत आली. तिचं गाव ओहायोत, लहानसं, आपलं असं दुकान नाही की माणूस नाही. घर चांगलं. तिनं आठ दिवस आधीपासून तयारी केलेली. कुठून कुठून ज्वारीचं पीठ मागवलेलं. टेबलावर शेवभाजी, भरीत, भाकरी. आबा हातपाय धुऊन बाहेरच्या पायरीवर जाऊन बसले.

"आबा, इथंसुद्धा?" प्रमिलानं विचारलं.

"नेम गाव बघून बदलत नसतो, पमे."

मी दुसऱ्या दिवशी जेवले. नेम बाप्यांनी केला, पाळावा त्यांनी. आबांनी बरोबर आणलेले लाडू, चटणी, बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड, पुरवून पुरवून खाल्ले. ते संपल्यावर प्रश्न आला. लीलाधरराव बिचारे गरीब स्वभावाचे, म्हणाले, "आबांना हॉटेलात चालतं ना? मग हॉटेलात." प्रमिला बँकेतून दमून यायची आणि तशीच गाडी काढायची. घरी तिनं केलेली भाजी झाकलेली, आणि आम्ही हॉटेलात. रोज!

आता अमेरिकेची तऱ्हा ऐका. इंग्लंडात कोणी काही विचारत नाही, इथं विचारणं थांबत नाही. पोरगी आली की आधी आपलं नाव सांगणार. आबा खूश झाले. "बघ, ही खरी वाढपी." मग तिनं सुरू केलं. पानं कोणती, वरचा रस कोणता, चीज हवं का, पावाचे तुकडे हवेत का, रस वरून की बाजूला. प्रमिला सांगून सांगून थकायची. आबा म्हणाले, "हे जेवण आहे की सोयरीक?" पुढ्यात बर्फाचं पाणी. दात गळून पडतील एवढं गार, आणि एक घोट घेतला की पोरगी पुन्हा भरणार.

आणि सॅलड! इंग्लंडात पान दाखवायला होतं, इथं भारा. आपल्या परातीएवढ्या भांड्यात. जेवणाच्या आधीच येतो. आबांनी पहिल्या दिवशी, पानावर टाकायचं नाही म्हणून, हेच जेवण समजून तो भारा पूर्ण संपवला. जबडा दुखेपर्यंत चावत होते. मग त्या पोरीनं जेवण म्हणून आणलं काय, तर सालीसकट बटाटा!

"हा इंग्लंडहून आपल्या मागं आला," आबा म्हणाले.

एकदा पाल्यावर लाल बारीक तुकडे आले. प्रमिलानं बघितलं, डुकराचे. तिनं पोरीला सांगितलं, तर पोरीनं चमच्यानं तुकडे उचलून बाजूला केले आणि हसत म्हणाली, झालं. आबा उठलेच. त्या दिवशी उपाशी. प्रमिला घरी येऊन न जेवता झोपली.

मग लीलाधररावांनी एक हॉटेल शोधलं. तिथं मधोमध लांब टेबल, काचेचं छत, खाली पन्नास भांडी. आपलं आपण वाढून घ्यायचं, कितीही वेळा. जावयाला वाटलं प्रश्न सुटला. आबा टेबलाकडं बघत राहिले. लोक ताटल्या घेऊन रांगेत, खाली माना, कोणी कोणाला विचारत नाही. एक म्हातारी काठी टेकत आली. आबांना राहवलं नाही. त्यांनी बटाट्याच्या सॅलडचा डाव उचलला आणि तिच्या ताटलीत घातला. ती "थँक्यू" म्हणाली. झालं! आबांनी तिच्या मागच्यालाही वाढलं. त्याच्या मागचा लठ्ठ होता, त्याला दोन डाव. तो हात करून नको नको म्हणतोय आणि आबा आपल्या बोलीत, "खाय ना भाऊ, लाजस काय!" रांग थांबली. काही लोक हसत होते, काहींना वाटलं हॉटेलानं नवा माणूस ठेवला. मग काळ्या कोटातला व्यवस्थापक आला, प्रमिलाशी हळू बोलला, आणि तिनं आबांच्या हातातून डाव काढून घेतला.

गाडीत प्रमिला म्हणाली, "सगळ्या ओहायोला आग्रह करा तुम्ही."

पुढचं वाक्य ती बोलली नाही, पण मला कळलं. आबांनाही कळलं असावं, कारण ते खिडकीतून मक्याची शेतं बघत बसले.

हे असं महिनाभर चाललं. आबांची गळपट्टी मानेभोवती सैल दिसायला लागली. मी रागवायची, "अहो, पोरीचं तोंड बघा एकदा." ते म्हणायचे, "माले भूक नही." भूक नाही म्हणणारा माणूस सकाळी बागेतल्या सफरचंदाच्या झाडाखाली घिरट्या घालायचा.

चहा मात्र ते घरात घ्यायचे, आणि बशीखाली एक डॉलर ठेवून उठायचे. नेमाप्रमाणं. प्रमिला तो उचलायची. जायला चार दिवस राहिले असतील, त्या संध्याकाळी तिनं डॉलर उचलला आणि आबांच्या समोर धरला.

"आबा, हॉटेलात त्या पोरींना तुम्ही असाच बशीखाली ठेवता ना?"

"इथली रीतच आहे म्हणे."

"मग त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय? त्यांच्या हातचं तरी तुम्ही खाता."

आबा म्हणाले, "तिथं नेम आड येत नाही."

"मला मूल नाही हे मला माहीत आहे. डॉक्टरला माहीत आहे, धुळ्याला माहीत आहे. तुम्ही रोज पाला खाऊन मला पुन्हा सांगता." तिचा आवाज चढला नाही, हीच गोष्ट वाईट. "उद्यापासून मी गाडी काढणार नाही. तुम्हाला हॉटेलात जेवायचं असेल तर चालत जा."

आणि आबा खरंच चालत गेले! दुसऱ्या दिवशी दुपारी, त्या हमरस्त्याच्या कडेनं, जिथं कुत्रंही चालत नाही. प्रमिलानं सुट्टी घेतली होती, ती आणि मी खिडकीत. दीड तासानं परत आले, घामाघूम, हातात प्लास्टिकचा डबा. बोटानं दाखवून काय मिळालं असेल ते आणलेलं. पाला. वरच्या रसाची पुडी त्यांना फाडता येईना. पायरीवर बसून दातानं ओढत होते.

प्रमिला बघत होती. मग आत गेली, एका वाटीत कूट घेतलं, तिखट, मीठ, तेल, एक कांदा चिरला. बाहेर गेली आणि त्यांच्या मांडीवरचा डबा ओढून घेतला. पाला बचाबचा चुरला, कांदा टाकला, कूट टाकलं, वरून कच्चं तेल. आपण हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याचा करतो तसा घोळाणा केला आणि डबा परत त्यांच्या मांडीवर ठेवला.

आबांनी वास घेतला. मग खाल्लं. बोटं चाटून खाल्लं.

"भाकर आहे का?" त्यांनी विचारलं.

"आहे. पण आत आहे," प्रमिला म्हणाली. "बाहेर आणणार नाही."

ती आत गेली. आबा तसेच बसले. माझा मात्र तोल गेला. चाळीस वर्षं ह्या माणसापुढं मी शब्द तोलून बोलले, त्या दिवशी नाही तोलले. "नातू झाला तर जेवाल. आणि नाही झाला तर? मरेपर्यंत तिला बशीखाली ठेवाल का? नेम केला तेव्हा लेक मैलभरावर देत होते, संध्याकाळी घरी येऊन जेवता यायचं. अर्ध्या जगाच्या पलीकडं जाऊ दिलीत ती, तेव्हा नाही आठवला नेम?"

आबांनी बागेच्या नळावर हात धुतले आणि आत जाऊन टेबलाशी बसले.

कोणी रडलं-बिडलं नाही. भाकरी गरम होत्या. प्रमिला थापत होती, मी वाढत होते, आबा मान खाली घालून खात होते. चहा झाल्यावर बशीखाली काही ठेवलं नाही. उरलेले दिवस ते घरीच जेवले. निघताना तिनं त्यांना बिबड्यांसारखं काहीतरी अमेरिकन बांधून दिलं, तेही गुपचूप पिशवीत टाकलं.

इथंच संपलं असतं तर मी लिहायला बसले नसते.

गावी पोहोचलो. संध्याकाळी ओट्यावर माणसं जमली. अमेरिका कशी, विमान कसं, सगळं विचारून झालं. मग लोटननं खरं विचारायचं ते विचारलं. "आबा, आंडेरना घर जेवनात का मंग?" लेकीच्या घरी जेवलात का, एवढंच सगळ्या ओट्याला हवं होतं.

आबांनी घसा खाकरला. "अरे, तिथं हॉटेलांना काय तोटा! इंग्रज नुसतं एक पान देतो, अमेरिकन भारा देतो. बठ्ठा पाला शे, सगळा पाला!" आणि सगळे हसले. लोटन म्हणाला, "बघा, सातासमुद्रापार जाऊन नेम राखला. माणूस असावा तर असा."

मी चहाचं ताट घेऊन दारात उभी. आबा लोटनला खोटं ठरवेनात. मिशी पुसत बसले. मला तिकडं ती पोर दिसायला लागली, परातीवर वाकलेली. एवढ्या हट्टानं तिनं जे मिळवलं ते हा माणूस ओट्यावर पाच माणसांत हसून घालवून टाकत होता. उद्या हेच धुळ्याला जाणार, की बापसुद्धा हिच्या घरी जेवला नाही.

ताट खाली ठेवलं. पदर सारखा केला. ओट्यावर बाप्यांत मी कधी बोललेली नाही.

"जेवले," मी म्हटलं. "प्रमिलाच्या घरात, टेबलाशी बसून. पहिल्या बैठकीला तीन भाकरी. मग पुढं रोज."

चहासाठी पुढं केलेला लोटनचा हात तसाच राहिला. आबा समोरच्या रस्त्याकडं बघत होते. मला वाटलं आता उठतात, आता आत येऊन ओरडतात.

मग ते लोटनकडं वळून म्हणाले, "तीन नही. चार व्हत्यात."