रावसाहेबांचं कोपर

"या बायका काढून टाका," रावसाहेब म्हणाले. "फोटो माझा आहे."

माझ्या नवी पेठेतल्या स्टुडिओत टेबलावर प्रिंट पडला होता. रावसाहेबांनी भवानी पेठेत वडिलांच्या नावानं नळ बांधून दिला होता. नळ वीतभर, वडिलांच्या नावाची फरशी पुरुषभर. उद्घाटनाचा फोटो कलेक्टरसाहेबांकडं जायचा होता, कारण रावसाहेबांना रावबहादूर व्हायचं होतं. अडचण एकच. त्यांनी तोटी फिरवली आणि नळातून नुसता वारा आला. मी शटर मारलं ते नेमकं तेव्हा. शेजारी घागरी घेऊन उभ्या असलेल्या विणकरांच्या बायका खदखदून हसत होत्या.

फोटो छाटायला आम्ही काळ्या पुठ्ठ्याचे दोन काटकोन वापरतो. ते प्रिंटवर सरकवून चौकट लहानमोठी करायची आणि ठेवायचं तेवढंच मोठं करून छापायचं. मी काटकोन आत घेतले. बायका गेल्या, पण एकीचा हात राहिला. तो रावसाहेबांच्या खांद्यातूनच उगवल्यासारखा दिसत होता.

"हा तिसरा हात कुणाचा?"

"घागरवालीचा."

"कापा."

हात कापला तर रावसाहेबांचं पोट अर्धं झालं. अर्धं पोट त्यांना चालेना, म्हणून पोटच काढलं. मग नळ गेला. वडिलांचं नाव गेलं. शेवटी फेटा आणि मिशा उरल्या.

"हां! आता झाला फोटो," रावसाहेब खूश होऊन म्हणाले. असा फोटो त्यांना घरी आरशात रोज फुकट दिसत असणार. मी मुकाट्यानं छापून दिला.

मूळ प्रिंट मी भिंतीकडं तोंड करून ठेवला. ही माझी रीत. आपणच काढलेला फोटो लगेच बघितला, की डोळ्यांपुढं गिऱ्हाइकाची कटकटच येते. थोडे दिवस गेले, की नजर ताजी होते. आठवड्यानं प्रिंट फिरवला आणि काटकोन दुसऱ्या बाजूला लावले. तिघी बायका, रिकाम्या घागरी. मधली नरसव्वा नावाची बाई उभ्या जागेवरून वाकून, एक डोळा मिटून नळाच्या तोंडात बघतेय. कडेला रेशमी कोटाचं एक कोपर. फोटो इथं होता!

मोठा करून छापला आणि आधी भवानी पेठेत नरसव्वाकडं नेला. घरी तेलुगू बोलणारी बाई, पण आमच्याशी झणझणीत मराठी. "दुकानाच्या काचेत लावू का?" मी विचारलं.

"लावा की! पर नळाला पाणी न्हाय, ते नीट दिसतंय न्हवं?"

"दिसतंय."

"मग लावा. सासूबाईबी बगतील. रोज लांबनं पाणी आणायला मलाच धाडत्यात."

लावला. काचेपुढं दिवसभर गर्दी. कोपर कुणाचं हे कुणाला सांगावं लागलं नाही. दुसऱ्याच दिवशी रावसाहेब आले.

"यात मी कुठं आहे?"

"हे कोपर."

"काढा तो फोटो! ही जागा माझ्या मेव्हण्याची आहे, विसरू नका."

"विसरलो नाही," मी म्हणालो. स्टुडिओ बसवायला माझी उमेदीची वर्षं गेली होती. पण फेटा-मिशांचा तो प्रिंट डोळ्यांपुढं आला आणि या माणसाला भ्यायची मला लाज वाटली. "फोटो राहील."

जागा गेली. भवानी पेठेत विणकरांच्या मागांसमोर एक खोली मिळाली. उजेड बेताचा आणि खडखडाट अखंड. रावसाहेबांनी गुपचूप पाइप जोडून घेतला आणि नळाला पाणी आलं. मग त्यांनी दुसरा फोटोग्राफर बोलावून त्याच नळाचं पुन्हा उद्घाटन केलं. त्या वेळी बायकांना आधीच लांब उभं केलं होतं.

धंद्यात नव्यानं येणाऱ्यांना मी एवढंच सांगतो. गिऱ्हाईक जे कापायला सांगतं, ते फेकण्याआधी नीट बघून घ्या. बहुतेक वेळा खरा फोटो त्यातच असतो.