दहापैकी नऊ

आमची लेक ज्या हॉटेलात नोकरीला लागली, ते पूर्वी कर्नाटकातल्या एका संस्थानिकाचा राजवाडा होता. लातूरहून बिदरमार्गे साडेसहा तास लागतात, दोन थांबे धरून. नांदेडला हॉटेलचं शिक्षण संपवून ती तिथं स्वागताच्या कामाला लागली. सहा महिने काम बघणार, मग कायम करायचं की नाही ते ठरवणार, असं ठरलेलं. कर्मचाऱ्यांच्या आईवडिलांना तिथं एक मुक्काम सवलतीत मिळतो. सहावा महिना चालू असताना तिनं आम्हाला बोलावलं.

फोनवर बजावलं होतं, "पप्पा, मी ड्युटीवर असणार. घरच्या गप्पा नकोत. आणि उठून सामान उचलायचं नाही."

दारात तिनंच आम्हाला ओवाळलं. दोन पावलं मागं तिची वरिष्ठ बाई वही घेऊन उभी होती. लेकीनं आईला कुंकू लावलं, आणि बायकोनं लगेच ताटातलं कुंकू बोटावर घेऊन लेकीच्या कपाळाला टेकवलं. आमच्याकडं बाईनं बाईला कुंकू लावलं की उलट लावायचंच, त्यात विचार करत नाहीत. लेक जागची हलली नाही. "आपका स्वागत है," म्हणाली. जन्मात तिनं आईला 'तू' सोडून काही म्हटलं नव्हतं. वरिष्ठ बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. ते काय असेल, या विचारानं माझा दिवस गेला.

खोलीतला पलंग साडेसहा फूट रुंद होता, पण मला बसवेना. व्हरांड्यात गेलो, खांब मोजले. चौऱ्याहत्तर भरले. परत मोजले तर त्र्याहत्तर.

"अहो, काय करून राहिलात?" बायको दारातून म्हणाली. "राजाच्या घरी आलोत, अन् तुम्ही बांधकामाच्या गुत्तेदारासारखं खांब तपासून राहिलात. बसा की!"

संध्याकाळी हिरवळीवर चहा होता. लेक पाहुण्यांना खुर्च्यांपर्यंत आणून सोडत होती, वाकून बोलत होती, पुन्हा दाराशी जाऊन उभी राहत होती. दीड तासात ती एकदाही टेकली नाही. मी खुर्चीत होतो. दोनदा उठायला गेलो, दोन्ही वेळा बायकोनं गुडघ्यावर हात ठेवून बसवलं.

सकाळी निघताना एक कार्ड हातात आलं. खोली, जेवण, चहा, स्वच्छता, आणि शेवटी 'आपले स्वागत करणारी व्यक्ती'. प्रत्येकाला दहापैकी गुण द्यायचे होते.

मी सव्वीस वर्षं गणित शिकवतो. बोर्डाचे पेपर तपासतो. नात्यातल्या पोराचा पेपर गठ्ठ्यात आला तर तो परत पाठवायचा, हा नियम मी एकदाही मोडलेला नाही. म्हणून शेवटचा रकाना रिकामा ठेवला.

"रिकामं कसं ठेवता? शून्य धरतील," बायको म्हणाली आणि पाण्याची बाटली भरायला गेली.

खोलीला आठ दिले, कारण न्हाणीतला नळ गळत होता. चहाला सात. लेकीचं काम दहाचं होतं, यात मला शंका नव्हती. पण बापानं पैकीच्या पैकी दिले, असं कुणी म्हणू नये, म्हणून एक कापला. कार्ड पाकिटात घालून पेटीत टाकलं.

बिदर मागं पडल्यावर बायकोनं विचारलं, "दहा दिले न्हवं?"

"नऊ."

"अन् एक कुठं ठेवला?"

मी कारण सांगितलं. ती काचेतून बाहेर बघत म्हणाली, "तिथं दहाच्या खाली म्हंजे तक्रार धरतात. लेकरानं मला सांगितलं होतं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"बाप हाय, देईलच की, असं वाटलं मला."

उदगीर आलं. धान्याच्या मोंढ्याजवळ मी गाडी बाजूला घेतली आणि हॉटेलला फोन लावला. वरिष्ठ बाई फोनवर आल्या. मी नीट सांगितलं, की कापलेला एक गुण कामातल्या चुकीसाठी नाही, मी बाप आहे म्हणून आहे, आणि हे कार्डाला जोडून ठेवावं. त्या म्हणाल्या, लिहून घेते, सर. काय लिहिलं ते मी त्यांना वाचून दाखवायला लावलं. एक शब्द दुरुस्त केला. पुढं लातूरपर्यंत मला बरं वाटत होतं.

पाचव्या दिवशी लेकीचा फोन आला. कायम केलं नव्हतं, तीन महिने वाढवले होते.

"नऊमुळं?" मी विचारलं.

"नाही, पप्पा. आईवडिलांची कार्डं ते उघडतच नाहीत, बाजूला ठेवतात, हे मलाही आत्ताच कळलं. तुम्ही फोन केला म्हणून तुमचं उघडलं. मग ते वर गेलं, तुमच्या फोनच्या नोंदीसकट. मोठे साहेब म्हणाले, हिचं घर कामात फार येतं."

"आणि ते कुंकू?"

"त्याचं काहीच नव्हतं. मॅडमनी वहीत पाहुणे किती वाजता आले तेवढंच लिहिलं होतं."

मी म्हणालो, साहेबांना पत्र लिहितो, सगळं खुलासेवार.

"नका लिहू," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "काहीच करू नका, पप्पा. तीन महिने फक्त काही करू नका. आईला द्या फोन."

मी फोन दिला. मायलेकी बराच वेळ बोलत होत्या. मी बैठकीतून स्वयंपाकघरात गेलो, तिथून परत आलो. टेबलावर तपासायच्या पेपरांचा गठ्ठा होता. वरचा पेपर उघडला, पहिलं गणित वाचलं, आणि लाल पेन उघडून तसाच उभा राहिलो.