खाली पोतं, वर हरळी

भुसा या शब्दावर माझा राग आहे. नगरमध्ये भुसा मागा, चार दुकानांत चार वेगळ्या वस्तू पुढ्यात येतात. पशुखाद्याच्या दुकानात भुसा म्हणजे मळणीतून निघालेला गव्हाच्या काडाचा चुरा. वखारीत भुसा म्हणजे करवतीखाली पडलेलं लाकडाचं पीठ. पोल्ट्रीवाला भुसा म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात भाताचं तूस असतं. आणि सावेडीतल्या एका किराणावाल्याने तर मला शांतपणे गव्हाचा कोंडा बांधून दिला, वर "शुगर आहे का तुम्हाला?" असं आपुलकीने विचारलं. मी कोर्टात लघुलेखक आहे. दुसऱ्याच्या तोंडातला शब्द जसाच्या तसा उतरवून घ्यायचा, त्यावर माझं घर चालतं. एका शब्दाचे चार अर्थ घेऊन गावभर हिंडणं माझ्या स्वभावात बसत नाही.

हिंडत होते ते दोन गिनीपिगांच्या अंथरुणासाठी. ही अंथरुणाची भानगड माझी नव्हे, मुलीची. ती जुलैत इंजिनिअरिंगला पुण्याला गेली आणि हॉस्टेलवर प्राणी चालत नाहीत म्हणून तिच्या दोन गिनीपिग माद्या, एक पांढरी नि एक तपकिरी, पिंजऱ्यासकट हॉलच्या कोपऱ्यात ठेवून गेली. जाताना माझ्या गळ्यात पडून रडली, पण रडताना बघत होती पिंजऱ्याकडे. "आई, दिवाळीत मी येईपर्यंत दोघींना नीट ठेव," म्हणाली. मी हो म्हटलं. तेव्हा मला वाटलं होतं, पाला टाकायचा, पाणी भरायचं, झालं.

झालं कसलं! हे प्राणी दिवसभर खातात आणि दिवसभर घाण करतात, दोन्ही एकाच जागी बसून. खाली काय अंथरायचं याचं उत्तर मुलीने एका पाकिटात ठेवलं होतं. कागदाच्या लगद्याचे मऊ करडे तुकडे, बाहेरून मागवलेले. ते पाकीट पंधरा दिवसांत संपलं. नवं मागवायला गेले आणि किंमत वाचून मी मोबाईल पालथा ठेवला. आमच्या घरात माणसांच्या गाद्यासुद्धा दहा वर्षांपूर्वीच्या आहेत.

मग माझे प्रयोग सुरू झाले. आधी वर्तमानपत्रं. सकाळी अंथरावीत तर दुपारी त्यांचा चिखल, आणि कोरडी उरली तेवढी त्या दोघींनी अग्रलेखासकट कुरतडली. मग जुने टॉवेल. टॉवेल वरून कोरडा दिसतो आणि आत ओल मुरत राहते. तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या बाईंनी जिन्यात नाकाला पदर लावून मला विचारलं, "तुमच्याकडे काही मेलंय का?" मग ऑफिसातल्या अकोले तालुक्यातल्या सहकाऱ्याने भंडारदऱ्याकडच्या भाताच्या गिरणीतून पोतंभर तूस आणून दिलं. बिचाऱ्याने एसटीतून मांडीवर घेऊन आणलं. मी पिंजऱ्यात ओतलं, पंखा लावला, आणि पुढचा आठवडा आमच्या पोह्यांत, उशांत, देवघरात तूस निघत होतं. एक कण पांढरीच्या डोळ्यात गेला. कापसाने डोळा पुसताना तिने माझं बोट चावलं. मीही तिला नको ते बोलले.

इंटरनेटवर वाचावं तर तिथे आणखी ताप. एक म्हणतो हे लाकूड चालतं, दुसरा म्हणतो त्याच लाकडाने फुप्फुसं जातात. आणि झाडं तरी कुठली? पाइन, सीडर, ॲस्पेन. बाभळीचं काय, लिंबाचं काय, यावर कुणी अक्षर लिहिलेलं नाही. नवरा नोकरीनिमित्त नाशिकला असतो, शनिवारी येतो. त्याने पिंजऱ्यात डोकावून "देऊन टाक कुणाला तरी" असा निकाल दिला आणि टीव्ही लावला. मी त्याला म्हटलं, तूच तुझ्या लेकीला फोन करून हे सांग. त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

या सगळ्याला घरात आणखी एक साक्षीदार होता. माझे वडील. त्यांना आम्ही दादा म्हणतो. आई गेल्यापासून ते पाथर्डीकडचं गाव सोडून आमच्याकडे राहतात. उभं आयुष्य त्यांनी ऊसतोडीत काढलं. दसरा झाला की टोळीबरोबर कारखान्याच्या हद्दीत जायचं, उन्हाळ्यात परतायचं. आता फ्लॅटमध्ये ते पाहुण्यासारखे वावरतात, कशाला हात लावायचा तरी आधी आमच्याकडे बघतात. मी प्रत्येक वेळी काहीतरी नवं अंथरलं की ते पिंजऱ्यापाशी येऊन उकिडवे बसत. आत हात घालून मनगटाची आतली बाजू त्या अंथरुणावर टेकवत, जरा थांबत, "हं" म्हणत आणि उठून जात. त्या "हं"चा मला अतोनात राग यायचा. बोलायचं तर बोला ना! पण मी कधी म्हटलं नाही. कामाच्या घाईत म्हातारं माणूस हं म्हणतं, आपण पुढे जातो.

त्याच सुमारास गच्चीवरून तक्रार आली. सोसायटीच्या सेक्रेटरींनी सांगितलं की तुमच्या वडिलांनी वर गवत पसरलंय. जाऊन बघते तर खरंच, चादरीएवढ्या जागेत हरळी वाळत घातलेली. शेजारच्या रिकाम्या प्लॉटवरून खुरप्याने काढून आणली होती. मी खाली येऊन दादांवर चिडले. "दादा, हा काय पसारा? इथं गाव नाही. लोक नावं ठेवतात." दादा म्हणाले, "बरं, कोपऱ्यात करतो." खरंच कोपऱ्यात करून आले. विषय संपला. निदान माझ्यापुरता.

आणि मग मी ते शहाणपण केलं. वखारीत गेले होते सागाच्या भुशासाठी. वखारवाला म्हणाला, "ताई, साग न्हाई, पन लिंबाचं लई पडलंय, आजच कापलंय. न्या." माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कडुनिंब! आमच्या आईने आयुष्यभर ज्वारीच्या कणगीत लिंबाचा पाला घातला. गोवर आला की अंगाखाली लिंब, पाडव्याला तोंडात लिंब. किडा नाही, वास नाही, रोग नाही. परदेशातल्या शहाण्यांना जे माहीत नाही ते मला माहीत होतं. दोन पोती घेऊन मी रिक्षाने घरी आले आणि त्या दोघींच्या खाली चार बोटं जाडीचा थर घातला. घरभर कडवट, स्वच्छ वास सुटला. दादांनी मनगट टेकवलं. या वेळी हं सुद्धा म्हणाले नाहीत, नुसते माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "लिंब आहे दादा, औषधी." आणि कामाला लागले.

तिसऱ्या दिवशी पांढरी शिंकायला लागली. चौथ्या दिवशी तिच्या डोळ्यांना पापुद्रे आले. मुलगी रोज संध्याकाळी सातला व्हिडिओ कॉल करते आणि आधी मला नाही, पिंजऱ्याला बघते. मी दोन दिवस कॅमेरा फक्त तपकिरीवर धरला. "पांढरी कुठाय?" "झोपलीय." लेकीशी मी इतकं सरळ खोटं कधी बोलले नव्हते, आणि तेही एका उंदराएवढ्या जिवापायी. पाचव्या दिवशी सकाळी पांढरीने कोथिंबिरीला तोंड लावलं नाही.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून तिला बुटाच्या खोक्यात घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. पुढे एक म्हैस, मागे दोन शेळ्या, मध्ये मी आणि खोकं. डॉक्टर तरुण होते आणि प्रामाणिक. म्हणाले, "मॅडम, मी हा प्राणी फक्त शिकताना पाहिलाय." पण त्यांनी तिची छाती मन लावून ऐकली, खोक्याचा वास घेतला आणि विचारलं, "खाली काय घातलंय?" मी सांगितलं. ते म्हणाले, "उग्र वासाचं लाकूड नको. त्यात हा भुसा म्हणजे सगळी धूळच, नि तुम्ही तिला चोवीस तास त्यात ठेवलीय." त्यांनी थेंब दिले. मग खोकं माझ्या हातात देताना म्हणाले, "या प्राण्याने एकदा खाणं सोडलं की फार वेळ मिळत नाही. आज संध्याकाळपर्यंत काहीतरी पोटात गेलं पाहिजे."

रिक्षात मला रडू आलं. स्वतःचा संताप आला होता. घरी येऊन मी पिंजरा बाथरूममध्ये ओढला आणि तो भुसा ओंजळीओंजळीने पिशवीत भरायला लागले. दादा दारात येऊन उभे राहिले. आणि माझा बांध फुटला.

"तुम्हाला कळत होतं ना? रोज हात लावून बघत होतात. मग बोलला का नाहीत?"

दादा जराही चिडले नाहीत. म्हणाले, "तू इच्चारलंस कुठं?"

दादा चपला घालून गच्चीवर गेले. आले ते कडेवर चादरीचं गाठोडं घेऊन. त्यात ती हरळी, वाळून पिवळसर हिरवी झालेली. पुढे तासभर जे झालं ते मी फक्त पाहिलं. त्यांनी आधी कांद्याचं रिकामं तागाचं पोतं फडक्याने पुसलं, दुपदरी घडी करून पिंजऱ्यात घातलं, कडा आत दुमडल्या. मग एकेक मूठ हरळी घेऊन दोन्ही तळहातांत चोळायला लागले. धूळ खाली पडत होती. काडी टणक लागली की ती बाजूला. मध्येच एक कुसळ सापडलं, ते त्यांनी उजेडात धरून मला दाखवलं. "ह्ये डोळ्यात जातं," म्हणाले. चोळलेली मूठ मनगटाला लावून बघायची, मग आत पसरायची. पसरून झाल्यावर त्यांनी खाली वाकून त्या हरळीवर गाल टेकवला. सत्तरीच्या पुढचा माणूस, पिंजऱ्यात गाल टेकवून.

"मुतल्यालं खालचं पोतं पितं," ते म्हणाले. "वरलं कोरडं ऱ्हातं. वरलं रोज झटकायचं, पोतं दोन दिसांनी बदलायचं. पाचट घालू नगं, उसाच्या पाल्याला धार असती, कातडी कापती."

"हे कुठं शिकलात तुम्ही?" मी विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच असं काही विचारत होते.

दादा पिंजऱ्याकडे बघत म्हणाले, "तुझ्या येळंला."

माझ्या शाळेच्या दाखल्यावर जन्मगाव म्हणून आमचं गाव आहे. सगळ्या सरकारी कागदांवर तेच आहे आणि मी कागदांवर विश्वास ठेवणारी बाई आहे. दादांनी सांगितलं ते वेगळं होतं. नेवाशाच्या बाजूला टोळी उतरली होती. पौषातली थंडी. आईला दिवस भरायला अजून महिना होता म्हणून ती फडात मोळ्या बांधत होती. मी महिनाभर आधी आले, त्यांच्या कोपीत, म्हणजे उसाच्या पाल्याच्या झोपडीत. सगळी टोळी पाचटावर झोपायची. दादांनी मला पाचटावर ठेवलं तर पाठीवर ओरखडे उठले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तोड बुडवली. कालव्याच्या चाऱ्यांच्या कडेने फिरून वाळलेली हरळी गोळा केली, अशीच हातात चोळली, खाली पोतं, वर हरळी, त्यावर आईच्या लुगड्याचा तुकडा. मुकादम शिव्या देत आला, दादा चोळत बसले होते.

"तवा मला तरी कुठं ठावं हुतं? धा येळा केलं, धा येळा काढलं," दादा म्हणाले. "बारीक जीव बोलत न्हाई ना. गालच लावून बगाया लागतंय."

मी बाथरूमच्या उंबऱ्यावर बसले होते. हाताला लिंबाचा कडू वास. मला लाज वाटली आणि खरं सांगायचं तर रागही आला, की हे मला आत्ता कळतंय, पंचेचाळिसाव्या वर्षी, दोन गिनीपिगांमुळे. दिवसभर मी साक्षीदारांची जबानी उतरवते. या माणसाची एक ओळ माझ्याकडे नव्हती.

दादांनी पांढरीला खोक्यातून उचलून हरळीवर ठेवलं. ती बराच वेळ नुसती बसून राहिली. साडेसहा वाजले. मी तिच्याकडे बघत होते, दादा तिच्याकडे बघत होते. मग तिने मान खाली घातली आणि स्वतःच्याच अंथरुणातली एक काडी ओढली. दातांत धरली, जरा थांबली, आणि चावत चावत आत घेतली. मग दुसरी.

"खाल्लं," मी म्हटलं.

"व्हय," दादा म्हणाले. "हरळीवर ठिवल्यावर तू बी त्या राती रडली न्हाईस."

सातला मुलीचा फोन आला. मी या वेळी कॅमेरा सरळ पिंजऱ्यावर धरला. ती किंचाळलीच, "आई, पांढरीच्या डोळ्याला काय झालंय? आणि हे खाली काय घातलंयस? कसलं बेडिंग आहे हे?"

मी फोन दादांच्या हातात दिला आणि म्हटलं, "मला नको. आजोबांना विचार."

दादांनी फोन हातभर लांब धरला, घसा खाकरला आणि म्हणाले, "हां. आदी खाली पोतं."

मी टेबलावरून वही ओढली आणि उतरवून घ्यायला लागले.