मागच्या बाजूचं कुंकू

बुद्धभूषण खिल्लारेच्या मते जगातल्या निम्म्या दुखण्यांचं मूळ अर्थिंगमध्ये असतं. उरलेल्या निम्म्यांचंही तिथंच असतं, फक्त गिऱ्हाईक कबूल करत नाही. प्रयोगशाळेतली यंत्रं एकमेकांना जोडून द्यायची, हे त्याचं काम. राहायला केबिन रोडच्या मागच्या बिल्डिंगीत आणि तारांची बॅग खांद्याला लावून पार वापीपर्यंत हिंडायचं. कुठं काही अडलं, की हा आधी भिंतीतल्या सॉकेटकडे संशयानं बघणार.

नोकरी अजून कच्ची होती. काशीमीऱ्याचं काम धड झालं, गिऱ्हाइकाची सही आली, तर पक्कं करतो, असं साहेब म्हणाले होते. त्यानं हे वडलांना, बापूरावांना सांगितलं. बापूरावांनी अख्ख्या बिल्डिंगला.

गिऱ्हाईक म्हणजे मृणालिनी सबनीस. काशीमीऱ्याच्या गाळ्यात धातू गंजतो कसा, हे तपासून द्यायचा बाईंचा धंदा. मिठाच्या पाण्यात स्टीलची पट्टी ठेवायची, नव्या यंत्रानं तिच्यावर विजेचा दाब हळूहळू चढवायचा आणि समोरच्या कॅमेऱ्यानं गंजाचा पहिला ठिपका टिपायचा. दोघं एकाच क्षणी सुरू व्हायला हवेत, नाहीतर आलेख सांगणार एक आणि फोटो दाखवणार भलतंच. त्यासाठी यंत्राच्या मागून कॅमेऱ्याला एक बारीक तार जाते. यंत्रानं तिच्यातून इशारा दिला, की कॅमेरा निघतो. आदल्या दिवशी निघतही होता.

सहीच्या दिवशी बाईंनी झेंडूचा हार आणला, आणि वाटीत कालवलेलं कुंकू.

"जोडलंय तुम्ही, तर बोटही तुमचंच लागू दे, खिल्लारे."

बाईंनी मान म्हणूनच वाटी पुढं केली होती. पण खिल्लाऱ्यांच्या घरात भिंतीवर धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा होत्या आणि त्यांच्याखाली खुर्ची टाकून बापूराव. काम झाल्याचा फोटो घरी गेला की ते आधी मशीनचं कपाळ बघणार. इकडे सही व्हायच्या आत बाईंना नाही म्हणणंही परवडणारं नव्हतं. बुद्धभूषणनं मधला मार्ग काढला. यंत्राच्या मागं हात घातला आणि कुंकवाचं बोट तिथं पुसलं. बाईंचा मान राहिला, फोटोही कोरा राहिला.

मग बटण दाबायला गेला, तर कॅमेरा आधीच चालू. बंद करून पुन्हा लावला. पुन्हा तेच. लग्नात यजमानांच्या आधी पंगतीला बसणारा पाव्हणा असतो, तसा.

"अर्थिंग," बुद्धभूषण म्हणाला.

गाळ्यांच्या अख्ख्या इस्टेटीचं अर्थिंग बंटी नावाच्या इलेक्ट्रिशियननं केलेलं. तो तावातावानं आला. त्यानं अर्थिंगच्या खड्ड्यावरचं झाकण काढून मीटर लावला, आकडा चोख निघाला. बुद्धभूषणनं खड्ड्यात पाणी ओतायला लावलं, मग शेजारच्या गाळ्यातली लेथ बंद करायला लावली. कॅमेरा ऐकेना. बाईंनी शांतपणे सांगितलं, की आज जमलं नाही तर उद्या खोका परत न्या. तरी बुद्धभूषण म्हणाला, अजून एक बादली ओतून बघू.

बंटीनं मीटर गुंडाळला. "भाई, मेरा अर्थिंग तेरी नौकरी से पक्का है. हमेशा दूसरे की दीवार देखता है, एक बार अपने डब्बे का पीछा भी देख ले."

तो गेल्यावर, दुसरं काही उरलंच नव्हतं म्हणून, बुद्धभूषणनं यंत्र फिरवलं. कुंकवाचा ओघळ थेट कॅमेऱ्याच्या तारेच्या सॉकेटात उतरलेला. ओलंच ते, त्यातनं वीज झिरपणार. यंत्राच्या आधी कॅमेऱ्याला इशारा कुंकवानंच दिला होता. त्यानं काडीला कापूस गुंडाळला, स्पिरिटमध्ये बुडवला आणि सॉकेट निपटून काढलं. बटण दाबल्यावर दोघं एकदम निघाले, आणि आलेख जिथं वर उसळला, बरोबर त्याच क्षणी पट्टीवरचा पहिला ठिपका दिसला.

"काय होतं?" बाईंनी विचारलं.

"जोडणीत ओल होती, मॅडम."

बाईंनी टेबलावरच्या लालभडक कापसाकडे बघितलं. मग सही केली.

"पुढच्या वेळी अक्षता देईन," त्या म्हणाल्या. "कोरड्या असतात."

खाली रस्त्यावर येतो न येतो तोच बापूरावांचा फोन. सही झाल्याचं ऐकून खूष झाले, पण लगेच आवाज बदलला. "अन् पूजाबिजा? कुकू लावलं न्हाईस ना मशीनला?"

एक ट्रक हॉर्न मारत गेला, तेवढा वेळ बुद्धभूषणला मिळाला.

"न्हाई, अण्णा. उलट पुसून आलो."

संध्याकाळी तो घरी पोचला, तेव्हा आपल्या पोरानं भर कंपनीत मशीनचं कुकू कसं पुसलं, हे बापूरावांचं तिसऱ्या मजल्यापर्यंत सांगून झालं होतं.