बंद कॉम्प्रेसरचं तापमान

मुकद्दस ओपांचा, म्हणजे आमच्या मुकद्दसताईंचा, कशावरच चटकन विश्वास बसत नसे. किझिलकुमच्या वाळवंटालगतच्या आमच्या खत कारखान्यात सव्वीस वर्षं त्या मापकयंत्रं सांभाळत होत्या. कॅन्टीनमधली नानसुद्धा आधी हुंगायच्या, मग मोडायच्या.

मार्चमध्ये ताश्कंदहून ओताबेक नावाचा इंजिनियर नवी संगणक प्रणाली घेऊन आला. प्रत्येक यंत्र त्याच्या सेन्सरशी जोडायचं होतं. एकेक जोडत बसलं असतं तर उन्हाळा सरला असता. म्हणून त्यानं एक्सेलची यादी मागवली: एका रकान्यात यंत्र, शेजारी सेन्सरचा क्रमांक. यादी ओपांनीच दिली, चार हजार ओळींची. ओताबेकनं ती एका झटक्यात चढवली.

"एकही चूक नाही!" तो म्हणाला.

"चार हजारांत एकही नाही? मला नाही पटत."

"ओपा, लग्नात नवऱ्याकडे ओळखपत्र मागितलं होतंत का हो?"

सगळे हसले. मीही हसलो.

ओपा संगणकाचा पडदा बघत राहिल्या. मग मला, त्यांच्या मदतनिसाला, हाक मारली. तीन नंबरचा कॉम्प्रेसर आठवडाभर दुरुस्तीला उघडा पडला होता, पण पडद्यावर त्याचं बेअरिंग एकाहत्तर अंश! आम्ही जाऊन हात लावला. गारढोण. शेजारचा चार नंबर धडधडत होता, हात ठेववत नव्हता. पडद्यावर त्याचे अठरा अंश.

"म्हणजे हा जळाला तरी धोक्याची घंटा वाजणार नाही," ओपा म्हणाल्या.

ओताबेक भडकला. "तुम्हाला ही प्रणाली पहिल्यापासून नकोच होती. कुणीतरी यादीत हात घातलाय."

"घातलाय ना. ज्याला घाईनं ताश्कंद गाठायचंय त्यानंच!"

दोन दिवस दोघं बोलले नाहीत. त्यानं पासवर्ड बदलला, ओपांनी कपाटाला कुलूप लावलं. तिसऱ्या दिवशी त्याला खोटं पाडायला त्यांनी स्वतःची मूळ फाइल माझ्या टेबलावर उघडली. पाहतात तर काय, मूळ फाइलच चुकलेली होती. दोनदा आलेला एक क्रमांक त्यांनी काढला होता, तेव्हा खालचे सगळे एक घर वर सरकले होते. शेवटचं रिकामं घर नव्या सेन्सरनं भरलं, त्यामुळे कुणाला कळलंच नाही. तीनच्या पुढे चारचा सेन्सर, चारच्या पुढे बंद असलेल्या पाचचा. यंत्रं खरी, क्रमांकही खरे, मग संगणक कशाला तक्रार करतोय?

"ही फाइल पुसून टाका," मी हळूच म्हणालो. "कोण बघतंय?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी मान खाली घातली.

"तुझ्यावरही लक्ष ठेवायला हवं," त्या म्हणाल्या, आणि सरळ कॅन्टीनमध्ये गेल्या. सगळ्यांसमोर ओताबेकला म्हणाल्या, "चूक माझी. तुझ्यावर उगाच आळ घेतला."

त्यानं हातातली चहाची पियाली खाली ठेवली. "मीही नुसत्या ओळी मोजल्या, ओपा. यंत्रांपाशी गेलोच नाही."

त्याच दुपारी दोघांनी सरकलेल्या ओळी दुरुस्त करून यादी पुन्हा चढवली. तासाभरात चार नंबरची घंटा वाजली: बेअरिंग चौऱ्याण्णव अंशांवर. मीच तो बंद केला. उघडून पाहिलं तर बेअरिंग तापून निळं पडलं होतं.