रोवणीची मान

मंजुषानं पार्लर टाकलं तेव्हा कुरखेड्यात बाया हसत. भुवया कोराले कोण येते इथी? आता लग्नसराईत तिला जेवायची फुरसत मिळत नाही. नागपूरला तीन महिने शिकून आली, पण त्याआधी बाविसाव्या वर्षापर्यंत तिनं धानाच्या बांधीत, चिखलात वाकून रोवणीच केलेली. कंबर ते अजून विसरलेली नाही.

आषाढातल्या एका दुपारी कांताबाई आली. डोक्यावर पदर, पदराखाली घट्ट बांधलेला रुमाल. खुर्चीत बसली तरी सोडेना.

"काऊन वो मावशी, लाजता का?"

"लाजत नाई, भेते." तिनं गाठ सोडली. टायफॉईडनंतर वेणी उंदराच्या शेपटीएवढी उरली होती. मागून कातडं दिसत होतं. "वाकलं का पदर खाली येते, रुमालही सरकते. म्हणून दोन दिवस रोवणीले गेलीच नाई. टोळीवाल्या नीलाबाईनं सांगितलं, उद्या नाई आली तर टोळीत तुह्या जागी दुसरी घेते."

"मंग मागून आखूड करू, समोर जरा लांब. मागचे केस एकावर एक चढले का विरळ दिसत नाई."

"पन्नाशीत बॉबकट? मले शाळेत धाडतं का?"

"धाडते ना. दप्तर आणलं?"

कांताबाई हसली आणि तयार झाली. मंजुषानं केस ओले केले, भांग पाडून चार भाग केले आणि मानेपासून सुरुवात केली. पातळ लट दोन बोटांत धरायची, डोक्यापासून तिरपी उचलायची, कापायची. वरची लट खालचीच्या मापानं. "मान खाली घाला," ती म्हणाली. कांताबाईनं घातली.

केस वाळवल्यावर कांताबाई सरळ बसली, आणि मंजुषाचा हात थांबला. मागं कवेलूच्या छपराची वळचण असावी तशी जाड पायरी निघाली होती. वर कातडं तसंच उघडं.

चूक तिला लगेच कळली. मान खाली म्हटलं की बाकीच्या बाया हनुवटी जराशी टेकवतात. कांताबाई मात्र पऱ्हे, धानाची रोपं, लावायला वाकावं तशी वाकली होती, कपाळ पार गुडघ्यांशी. डोकंच एवढं झुकल्यावर लट उचलल्यासारखी वाटते, पण डोक्यापासून उचललेली नसतेच.

"बिघडलं का वो?"

"बिघडलं. पण लांबच राह्यलं, म्हणून बरं. आता त्या कॅलेंडरातल्या शेवटच्या तारखेकडं पाहा. मान हलवू नका."

पुन्हा पहिल्या लटेपासून. या वेळी पायरी विरघळली, केस मानेवरून गोल चढत गेले आणि कातडं झाकलं. कांताबाईनं मागं धरलेल्या आरशात बराच वेळ पाहिलं.

"उठा. रोवणी करून दाखवा."

"इथी? फरशीवर?"

"हो, मागं मागं सरका."

कांताबाई वाकली, हवेतले पऱ्हे फरशीत खोवत दाराकडं सरकली. दोन पावलांत समोरचे केस डोळ्यांवर आले. चिखलाच्या हातानं केस सारता येत नाहीत, हे मंजुषाला कोणी शिकवायची गरज नव्हती. तिनं समोरचे केस कानाच्या पाळीपर्यंत कापले. "परत वाका."

या खेपेला डोळे मोकळे राहिले. कांताबाई पार उंबऱ्यापर्यंत गेली आणि तिथूनच उठून तशीच उघड्या डोक्यानं रस्त्याला लागली.

"मावशी, रुमाल राह्यला!"

"राहू दे वो," ती मागं न बघता म्हणाली. "आरसा पुस त्यानं."